दहा नंबरचा पाना

"पेटीला हात लावायचा नाय," असं कडुबा मगरे यांनी निघायच्या आधी पुन्हा एकदा बजावलं, आणि घरातल्या सगळ्यांनी इतक्या झटकन माना डोलावल्या की दुसऱ्या कुणाला तिथंच संशय आला असता. कडुबांना आला नाही. आपण बोललो की लोकांना पटतं, हा त्यांचा समज नोकरी संपली तरी शाबूत होता.

पेटी म्हणजे गाडीच्या डिकीतली हत्यारांची पेटी. हिरवी, पत्र्याची, दोन्ही बाजूंना कड्या असलेली. कडुबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्याची जीप चालवण्यात गेली होती. कालव्याच्या कडेनं, जिथं गॅरेज तर सोडाच पण सावलीला झाडही नसायचं, तिथं ही पेटी त्यांच्या कामी आली होती. खात्यानं जीप भंगारात काढली तेव्हा कडुबांनी साहेबांकडून पेटी मागून घेतली, आणि पुढं स्वतःची सात जणांची गाडी घेतल्यावर आधी पेटी डिकीत ठेवली, मग माणसं आत बसवली. डिकीत दुसरं काही मावत नसे. त्यामुळं मगऱ्यांच्या घरात सामान मांडीवर घेऊन प्रवास करायची रीत पडली होती. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की मगरे मंडळी गावाला निघाली की पिशव्या दिसतात, माणसं दिसत नाहीत.

"गाडीत हत्यार नसंल तर ती गाडी नाय, चाकं लावलेला पलंग हाये," असं कडुबा म्हणायचे. या गाडीला इतक्या वर्षांत त्या हत्यारांची गरज एकदाही पडली नव्हती, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

आजही त्यांनी डिकी उघडली, पेटीची एक कडी धरून ती जराशी उचलून पाहिली, आणि म्हणाले, "वजन बरोबर हाये."

मागच्या सीटवर फळांच्या करंड्यांमध्ये बसलेल्या मेघानं ओठ घट्ट मिटून घेतले. तिच्या आजोबांच्या पेटीत त्या घडीला काय काय आहे, हे संपूर्ण घरात फक्त तिला माहीत होतं.

आजचा कार्यक्रम तिचाच होता. सोयगावला साहेबराव इंगळ्यांच्या घरी मगरे मंडळी मुलगा बघायला निघाली होती. खरं तर बघायचं काही राहिलं नव्हतं. मेघा ज्या हॉस्पिटलात औषधांच्या काउंटरवर बसायची, तिथंच इंद्रजीत इंगळे एक्स-रे काढायचा, आणि दोघांनी वर्षभर एकमेकांना पुरेसं बघून घेतलं होतं. पण आपण ठरवलं असं दोन्हीकडच्या मोठ्यांना वाटायला हवं, म्हणून हा सोहळा.

कडुबांच्या डोक्यात मात्र आज नातजावयापेक्षा गाडी जास्त होती. आठवड्यापूर्वी जेवताना भूषणनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, बुद्धभूषणनं, ताटातल्या भाकरीकडं बघत विषय काढला होता. गाडी म्हातारी झाली, आता विकून टाकू. वादावादी झाली, कडुबांच्या बायकोनं, गोजरबाईंनी, भाकऱ्या थापायच्या थांबवल्या, आणि शेवटी पैज ठरली. सोयगावला जाऊन येऊ. गाडी रस्त्यात एकदा जरी बंद पडली तर विकायची. नाही पडली तर कडुबांचे हात चालतात तोवर त्यांनी चालवायची आणि हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही.

"सगळ्यांसमोर बोललास बरं का," कडुबा म्हणाले होते.

"सगळ्यांसमोर बोललो," भूषण म्हणाला होता.

गाडी मात्र अशी निघाली की जणू पैजेची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड मागं पडलं. अजिंठ्याचा घाट तिनं कुरकुर न करता उतरला. कडुबा प्रत्येक वळणावर भूषणकडं तिरका कटाक्ष टाकत आणि भूषण खिडकीबाहेर बघत राही. मधल्या सीटवर तीन बायका होत्या. डावीकडं गोजरबाई, मध्ये सून संध्या, आणि उजवीकडं कडुबांची धाकटी बहीण भामाबाई. ती खास या कार्यक्रमासाठी खुलताबादहून आदल्या दिवशीच एस.टी.नं आली होती.

फर्दापूरला सोयगावच्या रस्त्याला लागल्यावर भामाबाईंनी भावाच्या खांद्यावर टकटक केलं.

"दादा, गाडी थांबव जरा. तोंडावर पाणी मारायचंय. पावण्यांच्या दारात असं धुळीचं थोबाड घेऊन जायचं का?"

"आता आलंच की सोयगाव."

"म्हणूनच म्हणायले. आल्यावर काय त्यांच्या ओट्यावर धुवू?"

कपाशीच्या शेताच्या कडंला एक मोठं कडुलिंबाचं झाड होतं, तिथं कडुबांनी गाडी घेतली आणि सवयीनं चावी फिरवून बंद केली. बायकांनी बाटलीतलं पाणी चेहऱ्यावर मारलं, पदर नीट केले, भामाबाईंनी आपल्याकडची पावडर सगळ्यांना लावली. पुन्हा सगळे बसले. कडुबांनी चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

कपाशीत वेचणीला आलेल्या बायका मान वर करून बघायला लागल्या.

"बंद पडली," भूषण म्हणाला. आपला आवाज जरा जास्तच हलका निघाला, हे त्याच्याही ध्यानात आलं.

"पडली नाय," कडुबा म्हणाले. "मी बंद केली. भामीनं थांबव म्हणलं म्हणून केली. पैज काय होती? रस्त्यात बंद पडली तर. ही कुठं पडलीय?"

"आबा, पण चालू तर होत नाय ना!"

"चालू न होणं येगळं आन् बंद पडणं येगळं. विचार कुणालापण."

भूषणनं मागं वळून साक्षीदार शोधले. संध्या त्याची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, आठवडाभर विक्रीच्या बाजूनं होती. पण आता ती म्हणाली, "आधी चालू करा, भांडण नंतर करा. साडेअकराला बोलावलंय त्यांनी."

मग धक्का मारायचं ठरलं. भूषणनं नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, मेघानं ओढणी कमरेला खोचली, संध्यानं पदर खोचला. भामाबाई गाडीतच बसून "हेऽऽय" असा जोर देत राहिल्या. गाडी चार पावलं गेली आणि चढ लागल्यावर तितकीच मागं आली. यात भूषणच्या छातीवर गाडीच्या मागच्या काचेवरचा धुळीचा मोठा पट्टा उमटला. त्याच वेळी त्याचा फोन वाजला.

"व्हय साहेबराव, फर्दापूर सोडलं, आलोच," तो हसऱ्या आवाजात म्हणाला.

इकडं इंद्रजीतच्या आईचा संध्याला फोन. "सिल्लोडला चहाला थांबलो होतो हो ताई, निघालो आता," संध्या म्हणाली. नवरा-बायकोनं फोन ठेवून एकमेकांकडं बघितलं.

"अहो, तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"तू काय सांगितलंस?"

मेघानं इंद्रजीतला मेसेज टाकून खरं काय ते आधीच कळवलं होतं. येऊ का, असं त्यानं विचारलं होतं, आणि मेघानं उत्तर दिलं होतं की आलास तर माझ्या घरच्यांची अब्रू जाईल, तिथंच थांब आणि तुझ्या आईला पोहे उशिरा टाकायला सांग.

"बॉनेट उघड," कडुबा म्हणाले.

भूषण वाकून स्टिअरिंगखाली चाचपडत राहिला. त्यानं काचेवर पाणी उडवायची कळ दाबली, वायपरची दांडी हलवून बघितली, डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं. शेवटी कडुबांनीच हात घालून दांडी ओढली. वाळूजच्या कंपनीत इतकी वर्षं सुपरवायझर असलेला हा माणूस गाडीच्या बाबतीत कुठवर पोचलेला आहे, ते त्या निमित्तानं सगळ्यांनी पाहिलं.

कडुबांनी बॉनेटखाली डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"ब्याटरीचं टर्मिनल निसटलंय. दहा नंबरचा पाना लावला की झालं. दोन मिनटांचं काम. मी काय म्हणत होतो? गाडीत हत्यार पायजे!" त्यांचा चेहरा असा उजळला होता की इतक्या वर्षांची चेष्टा एका झटक्यात फिटली. "जा, पेटी काढा!"

कुणीही हललं नाही.

"काय म्हणलं मी? पेटी काढा."

"अहो, हातानं नाय का दाबून बसवता येणार?" गोजरबाई म्हणाल्या.

"मला वाटतं मेकॅनिकलाच बोलवावं," भूषण म्हणाला.

"पेटी जड आहे आबा, तुमच्या कमरेला त्रास," संध्या म्हणाली.

"आन् तुपले कपडे खराब व्हतील दादा," भामाबाई म्हणाल्या.

आपल्या घरच्यांना आपली एवढी काळजी आहे, हे कडुबांना प्रथमच कळत होतं. ते स्वतः मागं गेले, डिकी उघडली आणि पेटीची कडी काढली. झाकण वर केलं तसे ते एकदम सरळ झाले आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. आत, टॉवेलात अर्धी गुंडाळलेली, पितळेची बुद्धमूर्ती होती. मागं उभ्या असलेल्यांनीही हात जोडले. मगऱ्यांच्या घरात बुद्धासमोर आवाज चढवायचा नाही असा दंडक कडुबांनीच घातलेला होता, त्यामुळं त्यांना पुढचा प्रश्न कुजबुजत विचारावा लागला.

"हे कुणी ठेवलं?"

"मी," भूषण म्हणाला. "इंगळ्यांना भेट द्यायला. मांडीवर आणली असती तर कुठं आपटली असती."

"आन् माझा रिंग पान्याचा सेट?"

"कपाटावर आहे. नीट ठेवलाय."

कडुबांनी मूर्ती दोन्ही हातांनी उचलून मेघाकडं दिली. मूर्ती डोळ्यांआड झाल्यावर त्यांचा आवाज परत आला.

"ही काय? इस्त्री?"

"माझी," संध्या म्हणाली. "इतक्या दाटीत बसून मेघाच्या ड्रेसचा पार चोळामोळा होतो. तिथं पोचल्यावर एक हात फिरवला असता. जॅक पलंगाखाली आहे आबा."

"तूपण?" भूषणनं बायकोकडं बघितलं. "मला म्हणालीस, आबांच्या वस्तूला हात लावू नका म्हणून!"

"तुम्ही मला तेच म्हणालात!"

"हा डबा?" कडुबांनी आणखी एक स्टीलचा डबा वर काढला. डिंकाच्या लाडवांचा वास आला. तो डबा कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी गोजरबाईंकडं बघितलं.

"पक्कड, हातोडी, सगळं ज्वारीच्या कोठीत हाये," गोजरबाई म्हणाल्या. "उघड्यावर टाकलं नाय म्या. धान्याखाली दाबून ठेवलंय."

"कोठीत! ज्वारीत!"

"कुणी चोरू नाय म्हणून."

तळाशी फडक्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी होती. भामाबाईंनी स्वतःहून हात वर केला.

"ती मपली. मी काल आले तवा पेटीत जागा व्हती थोडीशी. एक फुसफुस करायचा पंप व्हता तेवढा काढला. मोरीत ठेवलाय."

म्हणजे आधीच्या तिघांनी आपापली जागा करून घेतल्यावर जी उरली, ती काल आलेल्या बाईनं घेतली होती. आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकच वस्तू काढली तर म्हाताऱ्याच्या लक्षात यायचं नाही. सगळं सामान बाहेर आल्यावर पेटीत एक तेलकट चिंधी तेवढी राहिली होती. मेघानं आठवडाभर गॅलरीतून एकेकाला पदराखाली, पिशवीत, टॉवेलात काहीतरी लपवून गाडीकडं जाताना पाहिलं होतं. आता मूर्ती छातीशी धरून ती हसू आवरायची पराकाष्ठा करत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"पेटी म्हणतात का हिला?" कडुबा गरजले. "फराळाचं कपाट केलं तुम्ही हिचं! अन् मी येडा, सकाळी वजन बघायलो!"

मग भांडण रंगलं. गोजरबाई संध्याला म्हणाल्या, तुला इस्त्री न्यायची होती तर मला सांगायचं, मी लाडू मांडीवर घेतले असते. संध्या म्हणाली, आई, तुम्ही सांगितलं असतं तर मी ड्रेस मांडीवर घेतला असता. भामाबाई म्हणाल्या, तुम्ही दोघींनी मांडीवर घेतलं असतं तर माझा पंप मोरीत गेला नसता. या सगळ्यात पंप भामाबाईंचा कधी झाला, ते विचारायला कुणाला सवड मिळाली नाही.

दहा नंबरचा पाना काही केल्या पाहिजे होता. पहिल्यांदा एक मोठी चकचकीत गाडी थांबली. आतला माणूस सभ्य होता, पण त्याला आपल्या गाडीत हत्यारं असतात का हेच ठाऊक नव्हतं. त्यानं आणि भूषणनं मिळून ती शोधली. डिकीतल्या सतरंजीखाली ती सापडली, अजून प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद, आणि तिच्यात गाडी ओढायचा हूक सोडून काही नव्हतं. "मी कंपनीला फोन करतो," असं म्हणून तो निघून गेला. नंतर एक ट्रॅक्टरवाला आला. त्याच्याकडं पाने होते, पण ते हातभर लांब होते आणि ब्याटरीच्या नटाला लावले असते तर ब्याटरीच उचलून आली असती.

शेवटी मोटारसायकलवर चादरींचं मोठं गाठोडं बांधून चाललेला एक तिशीतला माणूस न विचारताच थांबला. सरफराज त्याचं नाव. सोयगावच्या बाजाराला चालला होता.

"क्या हुआ चाचा?"

"दहाचा पाना हाये का रे बाबा?"

"है ना." त्यानं सीटखालचं बाजूचं झाकण उघडलं आणि आतल्या पिशवीतून पाना काढून तो थेट बॉनेटखाली वाकला. पेटीसाठी इतकं रामायण झालं होतं आणि याच्याकडं तो पाना बोटाएवढ्या पिशवीत होता. कडुबांनी हे बघून न बघितल्यासारखं केलं.

सरफराजनं टर्मिनल बसवलं, नट कसला, आणि थबकला.

"चाचा, ये किसने खोला था? घिसलं-बिसलं नाय काय. साफसूफ करून लावलंय, नुसतं हातानं फिरवलंय. कसायचंच राहिलं."

"खोललं?" भामाबाईंचे डोळे बारीक झाले. "कुणी खोललं?"

त्यांनी भूषणकडं पाहिलं. मग गोजरबाईंनी पाहिलं. मग, आणि हे भूषणला सगळ्यात जास्त लागलं, संध्यानंही पाहिलं.

"मी?" भूषण म्हणाला. "आत्या, मला बॉनेट उघडता येत नाय, आत्ता बघितलं ना सगळ्यांनी!"

"नाटक असंल. गाडी विकायची घाई कुणाला झाल्ती? दादाला का मला?"

"भूषण," गोजरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता, "बापासंगं आसं करतात का रे? पैज जितायला?"

"अहो, तुम्ही केलं असेल तर आत्ताच सांगा," संध्या म्हणाली. "मेघाच्या कार्यक्रमाच्या दिवशी तरी!"

भूषण तोंड उघडून उभा राहिला. छातीवर धुळीचा पट्टा, हाताला काळं. गाडी विकायच्या विषयामागची खरी गोष्ट त्याला बोलताच येत नव्हती. महिन्यापूर्वी कडुबा भामाबाईंना आणायला खुलताबादला निघाले होते. ज्या रस्त्यावर त्यांची उभी हयात गेली, त्या रस्त्यावर ते खुलताबाद ओलांडून वेरूळला पोचले, आणि तिथं उभे राहून लोकांना खुलताबाद कुठं ते विचारत होते. भामाबाई इकडं पिशवी घेऊन स्टँडवर. घरी आल्यावर कडुबा म्हणाले, वेरूळला डिझेल चांगलं मिळतं म्हणून गेलो होतो. सगळे हसले. भूषण नव्हता हसला. त्या दिवसापासून कडुबा गाडी घेऊन बाहेर पडले की ते परत येईपर्यंत कंपनीत त्याचं लक्ष लागत नसे.

कडुबा बॉनेटला टेकून उभे होते. नट कसायचा राहिला होता, हे त्यांना डोकं आत घातल्या घातल्याच कळलं होतं. काल संध्याकाळी, पेटी न उघडता, घरातल्या फळीवरचा सुटा पाना घेऊन त्यांनीच टर्मिनल काढलं होतं. गरम पाणी आणून त्यावरचा पांढरा थर धुतला, पुसला, परत बसवलं, पाना हातात घेतला. आणि त्यानंतर काही नाही. पाना लावला का, कुठं ठेवला, घरात कधी गेलो, कितीही ताण दिला तरी पुढचं काही आठवत नव्हतं. पेटीवरून केलेला एवढा आरडाओरडा अर्धा त्या भीतीपायी होता.

आणि आता त्यांना काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. गाडी वाचली असती, ती विकायचं नाव कुणी घरात काढलं नसतं, त्यांच्या हातातली चावी कुणी कधी मागितली नसती. भामी तर आत्ताच म्हणत होती, "दादा, तू काय काळजी करू नको, गाडी तुपलीच हाये." फक्त पोराचं तोंड जरा खाली गेलं असतं. जरा म्हणजे किती, ते त्यांनी बघितलं. भूषण शर्टावरची धूळ झटकत होता आणि ती आणखी पसरत होती. लहानपणी मार खाल्ल्यावर तो असाच उगाच कपडे झटकत बसायचा.

"त्याला कशाला बोलायले?" कडुबा म्हणाले. "मीच खोललं."

"दादा, तू त्याच्यावर पांघरूण घालू नको."

"भामे, गप बस गं! मीच खोललं काल. साफ केलं आन् कसायचं इसरलो. पाना कुठं ठेवला तेबी आठवंना मला. तवापासून आठवायलो." सगळ्यांच्या नजरा टाळून ते भूषणकडंच बघत होते. "आन् वेरूळला डिझेल घ्यायला गेलो नव्हतो. रस्ता इसरलो व्हतो. लई भ्यालो मी त्या दिवशी."

सरफराज गाठोड्याच्या गाठी उगाच तपासायला लागला.

"तुला माहीत व्हतं," कडुबा म्हणाले.

"व्हय," भूषण म्हणाला.

"मग गाडी म्हातारी झाली, गाडी म्हातारी झाली, आसं काहून म्हणायलास? गाडी चांगली हाये. म्हातारा मी झालोय. मला म्हणायचं ना!"

"कसं म्हणू आबा?" भूषण म्हणाला. "गाडीला बोललं तर तिला वाईट वाटत नाय."

कडुबा गाडीत जाऊन बसले. मग त्यांनी चावी फिरवून बघितली. गाडी पहिल्याच दमात चालू झाली. ती तशीच चालू ठेवून ते खाली उतरले आणि दार उघडं ठेवलं. भूषण पुढं झाला, तर त्यांनी त्याला हातानं मागं सारलं.

"तू कुठं? तुला बॉनेट उघडता येईना. संध्या, ये. बस."

संध्याच्या पर्समध्ये लायसन्स होतं. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधून शिकून तिनं ते काढलं होतं आणि त्या दिवसापासून या घरात कुणी तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

"आबा, खरंच?"

"पावण्यांच्या दारात सून गाडी चालवत जाणार?" भामाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"मग धक्का मारत नेऊ का?" गोजरबाई म्हणाल्या. "तुम्ही आत बसून हेऽऽय करा, आम्ही ढकलतो."

संध्या बसली. तिनं सीट पुढं ओढली, आरसा आपल्याकडं वळवला, आणि शाळेत हजेरी घेते तशा आवाजात सगळ्यांना पट्टे लावायला सांगितलं. भूषण तिच्या शेजारी बसला, आणि बसल्या बसल्या तिनं त्याला रुमाल काढून दिला. भामाबाई रुसून मागं मेघाशेजारी जाऊन बसल्या. मेघाच्या मांडीवर बुद्ध होते, भामाबाईंच्या मांडीवर लोणचं आलं.

गोजरबाईंनी डब्यातले ओंजळभर लाडू सरफराजच्या पिशवीत घातले. तो पाना कडुबांकडं धरून म्हणाला, "रखो चाचा, तुमची पेटी खाली दिसतीय."

"नको. तुझ्या गाडीत राहू दे," कडुबा म्हणाले. "तू एकटा फिरतोस." आणि ते मधल्या सीटवर, बायकोच्या शेजारी जाऊन बसले. आपल्याच गाडीत त्या जागेवर ते पहिल्यांदा बसत होते.

गाडी निघाली. संध्यानं दुसऱ्याचा तिसरा गिअर टाकायला जरा उशीर केला तेव्हा कडुबांचा उजवा पाय खाली दाबला गेला, पण ते बोलले नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरी कपाशी होती. त्यांना कधी इतकं निवांत बाहेर बघायला मिळालं नव्हतं.

"लांबचा रस्ता असला की तू नेहमी इथंच बसायचीस का?" त्यांनी गोजरबाईंना विचारलं.

"इथंच. तुमची मान दिसायची इथून."

"मानंचं काय?"

"दुपारच्याला गाडी चालवताना तुमची मान डुलायची. मग म्या खोकायचे. खोकले की तुम्ही दचकून सरळ व्हायचे."

कडुबांनी बायकोकडं वळून बघितलं. "तो खोकला तसला व्हता? आगं, किती डॉक्टर केले मी तुझ्या खोकल्याला! दरवर्षी औषधाच्या बाटल्या आणून द्यायलो!"

"प्यायचे ना. गोड असायच्या."

पुढं भूषणचे खांदे हलायला लागले. मागं मेघा खो-खो हसत सुटली, आणि भामाबाईंनाही रुसवा धरून बसणं जमेना. कडुबा काही वेळ रागावून बसले. मग तेही बसल्या जागी सैल झाले.

सोयगावची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा संध्यानं आरशात पाहिलं. मागं आबांची मान बाजूला कलली होती आणि ते गाढ झोपले होते. गोजरबाईंनी त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर नीट टेकवून घेतलं, आणि त्या खोकल्या नाहीत.